‘स्वभावाला औषध नाही’ हे कितपत खरं?

मोबाइलवर रील येतं: ‘तुमचा नवरा नार्सिसिस्ट आहे का? ओळखा या पाच खुणांवरून.’ खाली प्रतिक्रियांचा पूर. कुणाला नवऱ्यात पाचही खुणा सापडलेल्या असतात, कुणाला सासूत सात. पूर्वी हेकट, तापट, संशयी, आतल्या गाठीचा एवढ्या शब्दांवर आपलं भागायचं. आता बॉर्डरलाइन, सोशिओपॅथ, ओसीडी हे शब्द सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉफीच्या टेबलावर आणि गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सारख्याच सहजपणे फिरतात. शब्द आले याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण या गलक्यात ज्याला खरोखर मदत हवी तो दिसेनासा होतो, आणि ज्याचं आपल्याशी नुसतं पटत नाही तो रोगी ठरतो.

दुसरीकडे जुनी म्हण आहेच: स्वभावाला औषध नाही. घरातला एखादा माणूस वर्षानुवर्षं इतरांना आणि स्वतःलाही पोळत असतो आणि सगळे ही म्हण पुढे करून गप्प बसतात. म्हणीत तथ्य किती, हे बघायचं तर मानसोपचारशास्त्र ज्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतं ते आधी समजून घ्यावं लागेल.

## विकार कशाला म्हणायचं?

विचार करण्याची, भावना अनुभवण्याची आणि लोकांशी वागण्याची प्रत्येकाची एक धाटणी असते. ती धाटणी इतकी ताठ झाली की प्रसंग कुठलाही असो, माणूस त्याच एका पद्धतीनं वागतो. त्यापायी नोकरी, संसार, मैत्री यांची पुन्हा पुन्हा मोडतोड होते. आणि हे तरुणपणापासून वर्षानुवर्षं चालत आलेलं असतं. अशा वेळी त्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी 1923 मध्ये याची सुटसुटीत कसोटी दिली होती: आपल्या वेगळेपणाचा त्रास ज्याला स्वतःला होतो किंवा ज्याच्यामुळे समाजाला होतो, तो. शंभर वर्षांत पुस्तकं जाड झाली, पण त्रास कुणाला आणि किती, हा प्रश्न अजून तोच आहे.

डॉक्टर नातेवाइकांना विचारतात, ‘हे कधीपासून?’ या प्रश्नाच्या उत्तरावर बरंच काही ठरतं. ‘कॉलेजात होता तेव्हापासून असाच’ हे एक उत्तर. ‘असा नव्हता हो कधी, गेल्या दिवाळीपासून बदललाय’ हे दुसरं. दुसरं उत्तर असेल तर व्यक्तिमत्त्व विकाराचा विचार बाजूला ठेवून नैराश्य, दारू, थायरॉइड, डोक्याला मार, मेंदूचा आजार हे आधी तपासावं लागतं. पन्नाशीतला शांत माणूस अचानक उधळा किंवा निर्लज्ज वागू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून बसू नका, लगेच दाखवा.

आणखी एक गल्लत. एकाच शरीरात दोन माणसं वावरतात, सिनेमात दाखवतात तसं, तो प्रकार वेगळा. त्याचा या लेखातल्या विकारांशी संबंध नाही.

## आयर्विन पुलाची पातळी

सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेला पाणी असतंच. पाणी आहे म्हणून कुणी भोंगा वाजवत नाही. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा काय झालं ते सांगलीकराला सांगायला नको. संशय, अलिप्तपणा, काटेकोरपणा, स्वतःचं कौतुक, दुसऱ्यावर विसंबणं हे सगळं तुमच्याआमच्यात वाहतंच. ‘माझ्यात ही खूण आहे का?’ असं विचारलं तर उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ येणार, म्हणून तर रीलवर सगळ्यांना सगळं लागू पडतं. पातळी किती आणि पाणी कुणाच्या घरात शिरलं, हे विचारायला हवं.

45 चा आकडा नदीनं ठरवलेला नाही, माणसांनी कामासाठी ठरवला. 44 आणि 46 फुटांना नदी तीच असते, पण 46 ला माणसं हलवावी लागतात. विकाराची रेघही अशीच कामापुरती ओढलेली आहे. शिवाय ज्या पातळीला सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी येतं तिला विश्रामबाग कोरडं असतं. तसाच एखादा अबोल, तुटक माणूस रात्रपाळीच्या पंपावर निभावून जातो आणि काउंटरवर बसवला की रोज भांडण होतं. उपमा इथेच सोडतो, कारण नदी आठवड्यात उतरते, स्वभाव इतक्या लवकर उतरत नाही.

## दहा नावं, तीन गट

अमेरिकन मानसोपचार संघटनेची डीएसएम नावाची निदानपुस्तिका आहे. तिची पाचवी आवृत्ती 2013 मध्ये आली. तिच्यात व्यक्तिमत्त्व विकारांचे दहा प्रकार तीन गटांत मांडले आहेत. रीलवाल्यांचा माल बहुतेक इथूनच येतो.

पहिल्या गटातली माणसं चारचौघांना चमत्कारिक वाटतात. त्यातला संशयी प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा. गल्लीत दोघं हसले की आपल्यालाच हसले; चुलत भावाची पत्रिका उशिरा आली की मुद्दाम; बायको फोनवर हळू बोलली की काहीतरी आहे. पुरावा सापडला नाही तर तो लपवलाय, म्हणजे संशय आणखी पक्का. पण आपल्या भागात एक पथ्य पाळायला हवं. बांधाचा दावा ज्यांच्या घरात तीन पिढ्या चाललाय, तो माणूस शेजाऱ्यानं मोजणी आणली की सावध होणारच. त्याचा संशय अनुभवातून आलेला आहे आणि बांधापुरता आहे. विकारातला संशय बांध ओलांडून मुलापर्यंत, डॉक्टरांपर्यंत, बँकेच्या शिपायापर्यंत पसरतो आणि कितीही खात्री पटवली तरी हटत नाही.

याच गटातला अलिप्त माणूस एकटा राहतो आणि त्याला त्याची खंतही नसते. लग्न, मित्र, कौतुक, टीका, कशाचीच ओढ नाही. तिसरा प्रकार विक्षिप्त समजुतींचा: बोलणं भरकटलेलं, योगायोगात स्वतःसाठी संदेश दिसणं. इथेही संस्कृतीचं भान लागतं. यात्रेत अंगात येणं किंवा देवाचा कौल घेणं हे अख्खं गाव मानत असेल तर ते एका माणसाचं लक्षण म्हणून मोजत नाहीत. श्रद्धा योग्य की अयोग्य हा वाद वेगळ्या ठिकाणी घालावा, निदानाच्या खोलीत नव्हे.

दुसरा गट भावनांच्या उसळीचा. समाजविघातक प्रकारात (रीलवरचा सोशिओपॅथ) खोटं, फसवणूक, दुसऱ्याच्या हक्काची फिकीर नसणं आणि पश्चात्तापाचा अभाव. जो पार्टीला येत नाही त्याला पोरं ‘अँटिसोशल’ म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हे निदान 18 वर्षांखाली करत नाहीत, आणि 15 वर्षांच्या आतच वागणुकीच्या गंभीर तक्रारी सुरू झालेल्या असाव्या लागतात. आत्मकेंद्री प्रकार म्हणजे रीलवरचा प्रसिद्ध नार्सिसिस्ट: कौतुकाची न संपणारी भूक, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव नाही, आणि टीकेचा एक शब्द लागला की कोसळणं किंवा तुटून पडणं. नुसत्या मिरवण्यावरून हे ठरत नाही. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून निदान करायचं तर अर्धा जिल्हा भरती करावा लागेल. नाट्यमय प्रकारात सतत सगळ्यांच्या नजरा आपल्यावर हव्या असतात. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये जिथे सीतास्वयंवर रंगवलं त्या सांगलीत कुणाला नाटकी म्हणून रोगी ठरवणं मला तरी जड जातं, आणि तज्ज्ञांनाही हा प्रकार फारसा टिकाऊ वाटत नाही.

या गटातल्या बॉर्डरलाइनवर मात्र थांबायला हवं. कॉलेजच्या होस्टेलवरची एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. दुपारी मैत्रिणीला मेसेज केला, दोन निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. आपण म्हणू, असेल कामात. हिच्या पोटात खड्डा पडतो. पाच मिनिटांत ‘ती मला सोडून जाणार’, मग मेसेजवर मेसेज, मग शिव्या, मग ब्लॉक, आणि रात्री दोनला रडत माफी. सकाळी जी मैत्रीण देवमाणूस होती तिचं संध्याकाळी तोंड बघायचं नसतं. दुसऱ्या दिवशी हे आठवलं की स्वतःची किळस. मी कोण, मला काय हवंय, हेही दर महिन्याला बदलतं. कधी अभ्यासक्रम, कधी मित्र, कधी अख्खं भविष्य.

आत काय घडतं? भावना फार लवकर पेटते, फार वर जाते आणि खाली यायला फार वेळ घेते. ती असह्य झाली की काही जण स्वतःला इजा करून घेतात. पुष्कळदा मरण्यासाठी नव्हे, तर ते आतलं काही क्षण तरी थांबावं म्हणून. तरीही जिवाचा धोका खरा असतो. ‘लक्ष वेधायला करते’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि ते महागात पडतं. लक्ष हवं असतं हे खरं मानलं, तरी कुणी जिवावर बेतेपर्यंत लक्ष मागत असेल तर ते द्यायला हवं.

तिसरा गट भीतीचा. टाळणारा प्रकार: लोक हसतील, नाकारतील या धास्तीनं मुलाखतीला न जाणं, लग्नकार्यात मांडवाच्या कडेला उभं राहून जेवण्याआधीच निघून येणं. याला माणसं हवी असतात, भीती वाटते. पहिल्या गटातल्या अलिप्ताला ती नकोच असतात. परावलंबी प्रकारात साधा निर्णयही दुसऱ्यानं घ्यावा लागतो. आपल्याकडे तो ठरवताना दहादा विचार करावा. सुनेनं भाजी कुठली करायची हेसुद्धा सासूला विचारूनच करायचं, अशी शिस्त घरानंच लावली असेल तर ते तिच्या डोक्यातलं दुखणं कसं म्हणणार?

उरला काटेकोर प्रकार. साखर कारखान्याच्या शेती खात्यातला एक कारकून कल्पा. ऊसनोंदीच्या रजिस्टरात एका आकड्यावर खाडाखोड झाली की अख्खं पान पुन्हा लिहायचं. स्लिपबॉयनं आणलेल्या चिठ्ठ्या स्वतः तीनदा तपासायच्या, हाताखालच्याला द्यायच्या नाहीत, कारण ‘त्याला जमत नाही’. गाळप जोरात, ऊस फडात वाळतोय, शेतकरी दारात उभा, आणि यांची तोडणीची यादी अजून पक्की नाही. घरी टॉवेलची घडी चुकली की संध्याकाळ गेली. पोराच्या सहलीचे पैसे द्यायचे तर आधी मागच्या सहलीचा हिशोब. एवढं होऊन त्याला स्वतःत काही खोट दिसत नाही. जगच गबाळं आहे असं त्याचं प्रामाणिक मत असतं.

याला लोक ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, म्हणतात, ते चूक. ओसीडीतला माणूस गॅसचं बटण विसाव्यांदा बघायला उठतो तेव्हा त्याला सहसा माहीत असतं की हे फुकट आहे, पण थांबता येत नाही, आणि तो स्वतःच त्यानं मेटाकुटीला येतो. काटेकोर कारकुनाला स्वतःचं वागणं बरोबर वाटतं, मेटाकुटीला येतं घर आणि ऑफिस. उपचार दोघांचे वेगळे, म्हणून फरक महत्त्वाचा.

## दहा कप्प्यांत माणूस मावत नाही

आता खरी अडचण. डीएसएमनुसार बॉर्डरलाइनच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच हवीत. गणित केलं तर पाच किंवा जास्त लक्षणांचे 256 वेगवेगळे संच निघतात. एका रुग्णाची पाच आणि दुसऱ्याची पाच लक्षणं घेतली तर दोघांत सामाईक असं एकच लक्षण असू शकतं, तरी नाव एकच. उलट एकाच माणसात दोन-तीन प्रकारांचे निकष पुरे होतात असंही वारंवार दिसतं. आणि चार लक्षणंवाला ‘ठीक’, पाचवाला ‘विकार’, हे तर पटण्यासारखंच नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं मोठा बदल केला. तिचं आजारांचं वर्गीकरण, आयसीडी-11, मे 2019 मध्ये मंजूर झालं आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं. त्यात प्रकारांची जुनी यादी जवळजवळ मोडीत काढली आहे. डॉक्टरनं आधी पातळी ठरवायची: सौम्य, मध्यम की तीव्र. त्याच्याही खाली व्यक्तिमत्त्वाची अडचण अशी एक पायरी ठेवली आहे, जी विकारात धरतच नाहीत. तुमच्या डोळ्यांपुढे आत्ता जे नातेवाईक येत असतील त्यांतले बरेचसे बहुधा तिथेच बसतील.

पातळीनंतर धाटणी सांगायची, आणि ती पाच अंगांनी: नकारात्मक भावनांकडे कल, लोकांपासून अलिप्तता, दुसऱ्याची पर्वा नसणं, उतावळेपणा आणि अतिकाटेकोरपणा. एकात दोन-तीन अंगं असायला हरकत नाही. जुन्या नावांपैकी बॉर्डरलाइनची तेवढी वेगळी नोंद करायची मुभा ठेवली, कारण त्या नावावर उपचारांचं बरंच संशोधन उभं आहे. रीलवरचा नार्सिसिस्ट आयसीडी-11 मध्ये वेगळं निदान म्हणून सापडत नाही. माझ्या मते ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती. ‘हा कोण आहे?’ यापेक्षा ‘याचं किती बिघडलंय आणि कशात?’ हे विचारणं माणुसकीचंही आहे आणि उपयोगाचंही.

## ‘आमच्या आजीच्या काळात हे असलं नव्हतं’

होतं. माळवदावर एकटा झोपणारा, कुणाशी न बोलणारा काका होता. दर सणाला विहिरीकडे धाव घेणारी आत्या होती, आणि घर ‘तिचं असंच’ म्हणायचं. एकत्र कुटुंबात वीस माणसांत एकाचं वागणं खपून जायचं, किंवा त्याची झळ एखाद्या सुनेच्या पदरात टाकून बाकीचे मोकळे व्हायचे. आता तीन खोल्यांत चार माणसं राहतात, लपायला जागा नाही. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या तर लोकसंख्येच्या साधारण 8 टक्के लोकांत कुठला ना कुठला व्यक्तिमत्त्व विकार आढळतो, त्यातले बरेच सौम्य.

हे येतं कुठून? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून अनुवंशाचा वाटा ढोबळमानानं निम्म्याच्या आसपास निघतो. उरलेलं वाढण्याच्या वाटेवर: मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, घरातली दारू. पण लहानपणी हाल झालेल्या प्रत्येकाला विकार होत नाही, आणि विकार असलेल्या प्रत्येकाचे हाल झालेले नसतात. म्हणून ‘आईबापांनीच बिघडवलं’ हा निवाडा घाईचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची मांडणी मला पटते. एखादं मूल जन्मतःच हळवं असतं. त्याला दर वेळी ‘त्यात रडण्यासारखं काय आहे?’ असं ऐकावं लागलं, तर आपल्या भावनांना नाव द्यायला आणि त्या आवरायला ते शिकतच नाही. तेच आईबाप त्याच्या थोरल्या, दणकट भावाला अगदी छान निभावतात. यात खलनायक कुणी नाही.

## ‘म्हणजे कुणालाही वेडं ठरवायची सोय झाली’

ही भीती खोटी नाही. उलट उत्तर देणारी सून, लग्नाला नाही म्हणणारी मुलगी, संघटना काढणारा कामगार, यांच्यावर ‘स्वभावाचा विकार’ असा शिक्का मारायला कितीसा वेळ लागतो? मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये मंजूर झाला आणि मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट म्हटलंय की समाजातल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा राजकीय मूल्यांशी कुणी जुळवून घेत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. हे कलम घरात वाचून दाखवावं असं आहे.

न भेटता निदान करण्याचा मोह डॉक्टरांनाही झालेला आहे. 1964 च्या अमेरिकन निवडणुकीत एका मासिकानं हजारो मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारलं, की उमेदवार बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाला मानसिकदृष्ट्या लायक आहेत का? हजाराहून अधिक डॉक्टरांनी त्यांना कधी न तपासता ‘नाही’ म्हणून कळवलं. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण अब्रुनुकसानीचा दावा जिंकले. 1973 मध्ये तिथल्या संघटनेनं नियमच केला: स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय कुणाचंही निदान जाहीर करायचं नाही. डॉक्टरांना लागू असलेला नियम रील बघणाऱ्याला लागू व्हायला काय हरकत आहे?

## ‘मग गुन्हा करून सुटायची वाट मोकळी?’

नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 नुसार मनोविकलतेमुळे आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदा आहे, हेच ज्याला कळू शकत नव्हतं त्याला सूट मिळते. व्यक्तिमत्त्व विकारातल्या माणसाला ते सहसा पुरतं कळत असतं. विकारातून वागण्याचं कारण समजू शकतं, जबाबदारी टळत नाही. हे घरालाही लागू आहे. मारहाण करणारा नवरा ‘आजारी’ आहे म्हणून बायकोनं मार खात राहायचं, असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जायचं, निदानाचं नंतर बघू.

घटस्फोटाच्या बाबतीत उलटा गैरसमज आहे. डॉक्टरच्या कागदावर नाव आलं की केस जिंकली, असं पुष्कळांना वाटतं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे कारण आहे, पण तो अशा प्रकारचा आणि इतक्या प्रमाणात हवा की जोडीदारानं सोबत राहावं अशी रास्त अपेक्षाच करता येऊ नये. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात, तो स्किझोफ्रेनियाचा होता, हेच बजावलं: आजाराचं नाव सांगून भागत नाही, त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते. म्हणजे कोर्टानंही आधी पातळीच विचारली.

## औषध नाही, मग डॉक्टर करतात काय?

म्हण इथे निम्मी बरोबर ठरते. व्यक्तिमत्त्व विकारावरची म्हणून अशी गोळी आज नाही. उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2009 मध्येच बॉर्डरलाइनसाठी म्हणून औषध देऊ नये असं सांगितलं. सोबत नैराश्य, घबराट, दारूचं व्यसन असेल तर त्यावर गोळ्या देतात आणि त्या लागूही पडतात. पण ‘गोळ्या चालू आहेत ना, मग स्वभाव का बदलत नाही?’ ही तक्रार चुकीच्या दारात केलेली आहे.

उपचार बोलण्याचा आणि सरावाचा असतो. लिनेहान यांनी बॉर्डरलाइनसाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाची पद्धत उभी केली. 1991 मध्ये तिची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला एक वैयक्तिक बैठक, एक गटातला वर्ग, मधल्या काळात अडलं तर फोन, असं साधारण वर्षभर चालतं. वर्गात चार गोष्टी शिकवतात: या क्षणी काय चाललंय ते बघणं, संकट आणखी न चिघळवता निभावणं, भावना आवरणं, आणि नातं न तोडता आपलं म्हणणं मांडणं. होस्टेलवरच्या त्या मुलीला निळ्या टिका दिसल्यावर पुढची पंधरा मिनिटं नेमकं काय करायचं, इतक्या बारकाव्यानं हे शिकवलं जातं. आपण स्वतः तरुणपणी मानसिक रुग्णालयात दिवस काढलेत, हे लिनेहान यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं.

‘हे सगळं अमेरिकेत, आम्हाला तासगावात कोण देणार?’ शंका रास्त आहे. असं पूर्ण प्रशिक्षण घेतलेले लोक आपल्याकडे थोडे. पण टोरांटोत 180 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना डीबीटी दिली, निम्म्यांना अनुभवी मानसोपचारतज्ज्ञांनी नियमित, आखीव पद्धतीनं सांभाळलं. वर्षानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. म्हणजे ठरलेल्या वारी भेटणारा, समजावून सांगणारा, मध्येच न सोडणारा डॉक्टर मिळाला तरी मोठं काम होतं.

आणि हा जन्मठेपेचा आजार नव्हे. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या 290 रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला. त्यातल्या 93 टक्के रुग्णांची लक्षणं किमान दोन वर्षं टिकेल इतकी ओसरली. लक्षणं जाऊन नोकरी आणि नाती दोन्ही नीट बसली असे मात्र निम्मेच. भांडणं थांबतात, पण मधल्या वर्षांत सुटलेलं शिक्षण आणि तुटलेली माणसं आपोआप परत येत नाहीत. लवकर दाखवायचं ते एवढ्यासाठी. सगळ्याच प्रकारांत चित्र इतकं आशादायक नाही. समाजविघातक प्रकाराचे उपचार आजही तोकडे आहेत.

‘लग्न लावून द्या, सुधारेल’ या उपचाराबद्दल एवढंच: त्यानं रुग्णांची संख्या दोन होते.

## ‘पण तो यायलाच तयार नाही’

बहुतेक घरांचं घोडं इथेच अडतं. ज्याला स्वतःचं वागणं बरोबर वाटतं तो डॉक्टरकडे का जाईल? त्याला ‘तुला विकार आहे’ असं सांगून नेता येत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, नोकरीत मन लागत नाही, असं त्याचं स्वतःचं जे दुखणं असेल त्याचं बोट धरून न्यावं. तरीही नाहीच म्हणाला तर तुम्ही एकटे जा. काय बोलावं, कुठे थांबावं, धमकी आली तर काय करावं, हे घरच्यांनी शिकून घेतलं तरी घरातलं वातावरण निवळतं.

जिल्ह्यात कुठलंही मोठं दुखणं निघालं की आपण ‘मिरजेला दाखवू या’ म्हणतो. मनाच्या दुखण्यालाही मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि सांगलीच्या सिव्हिलमध्ये दार आहे. रात्री-अपरात्री कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. माणसाला एकटं सोडू नका, आणि धोका समोर दिसत असेल तर फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठा.

पहिल्या भेटीला जाताना गेल्या महिन्यातल्या भांडणांची यादी नेऊ नका. शाळेत कसा होता, नोकऱ्या किती आणि का सुटल्या, दारू-तंबाखू, डोक्याला कधी मार, आधीची औषधं, घराण्यात कुणाला मानसिक आजार, आणि त्याचं कुणाशी तरी बरं जमतं का, हे सालवार एका कागदावर लिहून न्या. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. गर्दीच्या दिवशी ओपीडीत डॉक्टरांना एका पेशंटमागे फार वेळ देता येत नाही, आणि तेवढ्यात तीस वर्षांचा माणूस तोंडी सांगून होत नाही.